हाली पदवी, कलदार पदवी

परभणी जिल्ह्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये आज एक नवा प्रश्न ऐकू येतो. बी.ए., बी.कॉम. झालेला तरुण विचारतो, 'माझी डिग्री परदेशात चालते का?' आणि कर्ज काढून किंवा शिष्यवृत्तीवर शिकून परत आलेल्या मुलीला इथलं कार्यालय विचारतं, 'तुमची तिकडची डिग्री इकडे चालते का? समकक्षता प्रमाणपत्र आणलंय का?' दोन्ही प्रश्नांची उत्तरं एजंट, सल्लागार आणि बाबू लोक देतात. ते वर्षं मोजतात, टक्के मोजतात, शिक्के पाहतात आणि सांगतात की हा तांत्रिक विषय आहे, यात समाजकारण आणू नका.

आमचं म्हणणं असं आहे की हा विषय कधीच नुसता तांत्रिक नव्हता. एका देशाची पदवी दुसऱ्या देशाच्या पदवीशी तोलायची तर तराजू कुणाच्या तरी हातात असतो. तो कुणाच्या हातात होता आणि आज कुणाच्या हातात आहे, हे समजून घ्यायला आपला मराठवाडा उत्तम जागा आहे. कारण आपल्या आजोबा-पणजोबांसाठी 'परदेश' सात समुद्रापलीकडे नव्हता. तो पैनगंगेच्या पलीकडच्या काठावर सुरू होत होता.

सात हालीचे सहा कलदार

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचं स्वतःचं टपाल होतं, स्वतःची रेल्वे होती, स्वतःचं नाणं होतं. त्या नाण्याला 'हाली' म्हणत आणि इंग्रजी रुपयाला 'कलदार'. साधारण सात हाली दिले की सहा कलदार मिळत. परभणीचा माणूस मुंबई इलाख्यात किंवा वऱ्हाडात गेला की त्याच्या खिशातल्या पैशाची किंमत सीमेवरच कमी व्हायची.

शिक्षणाचंही तेच होतं. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाडातला विद्यार्थी १९२३ नंतर नागपूर विद्यापीठाच्या परीक्षेला बसे. पश्चिमेला नगर, सोलापूरचा विद्यार्थी मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक देई. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभारलेलं. परभणीच्या मुलाचा रस्ता मात्र हैदराबादला जात होता. तिथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं. उच्च शिक्षण एका भारतीय भाषेतून देणारं हे आधुनिक भारतातलं पहिलं मोठं विद्यापीठ, आणि ती भाषा उर्दू. पाश्चात्त्य विद्यांचे ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी संस्थानाने खास भाषांतर विभाग उभारला. इंग्रजीच्या गुलामीला दिलेलं ते धाडसी उत्तर होतं, याबद्दल त्याला श्रेय दिलंच पाहिजे. पण घरात मराठी बोलणाऱ्या, गावकुसाबाहेर वाढलेल्या पोराला वरच्या वर्गांत गेल्यावर आधी उर्दू शिकावी लागे आणि मग त्या भाषेतून गणित नि इतिहास. ब्रिटिश हिंदुस्थानातली विद्यापीठं सुरुवातीला या पदवीकडे शंकेने पाहत. म्हणजे मुलाने दुप्पट कष्ट करून मिळवलेली पदवी सीमेपलीकडे हाली ठरण्याची भीती होतीच.

गंमत पुढेच आहे. त्याच हैदराबाद शहरात निजाम कॉलेज होतं. ते १८८७ चं, इंग्रजी माध्यमाचं आणि मद्रास विद्यापीठाला संलग्न. १९४७ पर्यंत ते मद्रासलाच जोडलेलं राहिलं. एकाच राज्यात, एकाच शहरात दोन पदव्या चालत होत्या. एक संस्थानापुरती भक्कम, दुसरी सगळ्या हिंदुस्थानात वटणारी. कोणाच्या मुलांनी कलदार पदवी घेतली असेल, हे वेगळं सांगायला नको. आपल्या मालकीचं विद्यापीठ उभारणारी सत्तासुद्धा वरच्या वर्गासाठी दुसरा दरवाजा उघडा ठेवते, हा इतिहासाचा पहिला धडा आहे.

दुसरा धडा १९३८ चा. त्या साली उस्मानियाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं आणि अनेकांना काढून टाकण्यात आलं. नागपूर विद्यापीठाने सीमेपलीकडून या विद्यार्थ्यांना सामावून घेतलं. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांच्यापैकीच. उर्दू माध्यमात शिकलेल्या मुलांना इंग्रजी माध्यमाच्या विद्यापीठाने घेतलं, तेव्हा अभ्यासक्रमाची तुलना आडवी आली नाही, माध्यमही आडवं आलं नाही. राजकीय इच्छा असली की समकक्षता सापडते, हे त्या वेळी सिद्ध झालं. नागपूरने चांगलंच केलं, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न एवढाच आहे की ज्यांच्या पाठीशी काँग्रेस नव्हती, वर्तमानपत्रं नव्हती, वकील नव्हते, त्या अस्पृश्य विद्यार्थ्यासाठी असा दरवाजा कुणी उघडला असता?

बाबासाहेबांच्या पदव्या तोलल्या गेल्या तेव्हा

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्याला पाठ असते. जयंतीच्या बॅनरवर ती छापलेली असते. पण त्या एका देशातून दुसऱ्या देशात कशा गेल्या, हे आपण क्वचित पाहतो.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ गुण मिळवून. म्हणजे ३८ टक्क्यांच्याही आत. त्या काळी परीक्षक गुण देताना हात आखडत आणि अस्पृश्य मुलाने मॅट्रिक होणं हीच घटना होती. त्यांच्या शिक्षणात संस्कृतच्या जागी फारसी आहे. कागदावर पाहणाऱ्याला वाटेल, आवड असेल. पण शाळेत अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकू दिलं नाही, म्हणून ती फारसी आहे. कोणत्याही देशाचा समकक्षता विभाग गुणपत्रिका वाचतो, त्या गुणपत्रिकेमागची जात त्याला वाचता येत नाही.

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यू यॉर्कला गेले. मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.वर कोलंबिया विद्यापीठाने त्यांना थेट पदव्युत्तर शिक्षणाला घेतलं. मॅट्रिकनंतर चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची ती बी.ए. अमेरिकेच्या चार वर्षांच्या कॉलेजशी जुळत होती. १९१५ ला एम.ए. झालं. १९१६ ला ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ ला अर्ध्यावर परतावं लागलं. १९२० ला स्वतः पैसा उभा करून ते पुन्हा गेले. कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांच्याकडे त्यांची शिफारस केली होती. या माणसाचं डॉक्टरेटचं काम आधीच झालेलं आहे, आता इथे त्याने जिंकावं असं काही उरलेलं नाही, अशा अर्थाचं फॉक्सवेल यांनी लिहिलं. तरीही बाबासाहेबांनी लंडनची परीक्षा लंडनच्या नियमाने दिली. १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला डी.एस्सी. कोलंबियाची पीएच.डी. रीतसर हाती पडली ती १९२७ ला, प्रबंध छापून दिल्यानंतर.

ते डी.एस्सी.ला कशावर झाले? रुपयाच्या प्रश्नावर. एका देशाचं नाणं दुसऱ्या देशाच्या नाण्याशी कोणत्या दराने बांधायचं, त्यात कुणाचा फायदा होतो आणि कुणाचं नुकसान, हा त्या प्रबंधाचा गाभा. विनिमयाचा दर आकाशातून पडत नाही, तो ठरवला जातो आणि ठरवणाऱ्याचे हितसंबंध असतात. पदवीच्या विनिमयालाही हेच लागू आहे.

आता याच माणसाचं भारतात काय झालं ते पाहा. १९१७ ला ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. कोलंबियाने मान्य केलेली, लंडनने मान्य केलेली विद्वत्ता घेऊन आलेल्या माणसाला बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर सहकाऱ्यांनी पाण्याच्या भांड्यावरून हरकत घेतली. न्यू यॉर्क आणि लंडन यांच्यात पदवीचा विनिमय झाला. जातीच्या सीमेवर मात्र ती वटली नाही. तिथे जगातल्या कोणत्याही विद्यापीठाचा शिक्का हालीच ठरला.

तराजू आपल्या दारात आणला

बाबासाहेबांनी यावर रडगाणं गायलं नाही, त्यांनी संस्था उभ्या केल्या. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, आणि जून १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू झालं, तेच आपलं मिलिंद. १९२३ पासून औरंगाबादला उस्मानियाचं इंटरमीजिएट कॉलेज होतं, पण पदवीसाठी मराठवाड्याच्या मुलाला मनमाड-काचीगुडा मीटरगेज गाडीत बसून हैदराबादच गाठावं लागे. ज्याच्या बापाकडे रेल्वेच्या भाड्याला पैसे नाहीत त्याच्यासाठी हैदराबाद आणि लंडन सारखंच दूर. मिलिंदने हे अंतर कमी केलं. परभणी, जिंतूर, गंगाखेड, वसमत, हिंगोलीची पोरं नागसेनवनात राहून शिकली. त्यांच्यातून लेखक, प्राध्यापक, अधिकारी आणि पँथर घडले.

इतिहासाने एक वर्तुळही पूर्ण केलं. १९५२ ला कोलंबियाने बाबासाहेबांना सन्माननीय एलएल.डी. दिली आणि जानेवारी १९५३ मध्ये उस्मानियाने सन्माननीय डी.लिट. ज्या विद्यापीठाच्या दारापर्यंत पोचणं परभणीच्या अस्पृश्य मुलाला दुरापास्त होतं, त्या विद्यापीठाने त्याच्या बापाचा सत्कार केला.

२३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. आता पदवीवर हैदराबादचं नाव राहिलं नाही. मग प्रश्न उभा राहिला, पदवीवर नाव कुणाचं? २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटवण्यात आला. परभणी आणि नांदेड जिल्ह्यांत दलित वस्त्या जळाल्या. पोचीराम कांबळे यांच्यासारखे भीमसैनिक शहीद झाले. प्रमाणपत्राच्या डोक्यावर दोन शब्द जास्त छापले जाणार, एवढ्यासाठी माणसं मारली गेली. ज्यांना पदवी म्हणजे निव्वळ वर्षं आणि टक्के वाटतात, त्यांनी याचं उत्तर द्यावं.

१४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन होऊन परभणी जिल्हा त्यात गेला. नवं विद्यापीठ जवळ आलं, सोय झाली, हे खरं. पण ज्या जिल्ह्याने नामांतरासाठी रक्त सांडलं, त्या जिल्ह्याच्या विद्यार्थ्याच्या पदवीवर बाबासाहेबांचं नाव जेमतेम आठ महिन्यांच्या कारभारात आलं आणि गेलं. ही गोष्ट परभणीच्या आजच्या किती तरुणांना माहीत आहे?

आजचा विनिमय दर

आता वर्तमानाकडे या. परभणी शहरात एकाच रस्त्यावर भेटणारे दोन विद्यार्थी घ्या. एक कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. कृषी झालेला, दुसरी साध्या कॉलेजातून बी.ए. झालेली. कृषीची पदवी चार वर्षांची. दहावी-बारावीची बारा वर्षं धरली तर शिक्षण सोळा वर्षांचं. बी.ए. तीन वर्षांची, म्हणजे पंधरा. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं पदव्युत्तर प्रवेशाला सोळा वर्षं मागतात. म्हणून एकाची पदवी पूर्ण समजली जाते, दुसरीची अपुरी. ब्रिटनमध्ये मात्र त्यांची स्वतःची पदवीच बहुतेक ठिकाणी तीन वर्षांची असल्याने हा अडसर येत नाही. मुलगी तीच, अभ्यास तोच, गुणपत्रिका तीच. विमान कुठे उतरतं त्यावर तिची योग्यता बदलते.

टक्क्यांचंही तसंच. ब्रिटिश विद्यापीठात ७० गुण म्हणजे प्रथम श्रेणी. आपल्याकडे ७० टक्केवाल्याला लोक 'बरा आहे' म्हणतात. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीला पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के लागतात. शिकवणी लावता न आलेल्या, उसतोडीच्या हंगामात शाळा बुडालेल्या मुलाचे ५८ टक्के आणि लातूरच्या क्लासमध्ये लाखभर भरलेल्याचे ६२ टक्के यांत खरा जास्त कोण, हे कोणताही तक्ता सांगत नाही.

उलट दिशेचा प्रवास आणखी कठीण होता. ब्रिटनची एम.ए., एम.एस्सी. बहुतांशी एका वर्षाची. आपली दोन वर्षांची. त्यामुळे भारतीय विद्यापीठ संघाकडून या एक वर्षाच्या पदवीला समकक्षता मिळत नसे. (हा संघ म्हणजे १९२५ चं आंतरविद्यापीठ मंडळ. हिंदुस्थानातल्या विद्यापीठांनी एकमेकांच्या पदव्या मानाव्यात, हाही ते स्थापण्यामागचा एक हेतू होता.) जगातल्या नामांकित विद्यापीठातून आलेली आपली मुलं इथे पीएच.डी.ला आणि सरकारी नोकरीला अपात्र ठरत होती. श्रीमंताच्या मुलाचं काही बिघडत नव्हतं, तो खासगी कंपनीत किंवा बापाच्या धंद्यात जाई. बिघडत होतं ते राखीव जागेवर प्राध्यापक होऊ पाहणाऱ्याचं. २१ जुलै २०२२ ला भारत आणि ब्रिटन यांच्यात करार झाला आणि ही एक वर्षाची पदवी मान्य झाली. त्या दिवशी अभ्यासक्रम एका ओळीनेही बदलला नव्हता. व्यापाराच्या वाटाघाटी सुरू होत्या, दोन्ही सरकारांना गरज होती, सही झाली. १९३८ चं नागपूर आठवा.

त्या करारात वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा, औषधनिर्माण अशा व्यावसायिक पदव्या नाहीत. परदेशातून कायद्याची पदवी घेतली तर बार कौन्सिलची वेगळी परीक्षा द्यावी लागते. रशिया, किर्गिझस्तान अशा देशांतून एम.बी.बी.एस.च्या बरोबरीची पदवी आणली तर पात्रता चाचणी द्यावी लागते. पण अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांतली पदव्युत्तर वैद्यकीय पदवी असेल तर त्या चाचणीतून सूट. पाचही इंग्रजी बोलणारे, पाचही महागडे. कलदार आजही कलदारच आहे.

'पण बोगस पदव्यांचं काय?'

इथे कुणी म्हणेल, तपासणी नको तर मग बोगस विद्यापीठांचा सुळसुळाट होईल. हे म्हणणं खोटं नाही. पैसे घेऊन घरबसल्या डॉक्टरेट वाटणाऱ्यांची दुकानं आहेत, आणि त्यांच्या जाळ्यात आपल्याच चळवळीतले काही लोक सापडतात. चुकीच्या डॉक्टरच्या हाती पहिल्यांदा गरिबाचाच जीव जातो. म्हणून तपासणी हवीच. आमचा आक्षेप तपासणीला नाही, ती कोणत्या गृहीतकावर चालते त्याला आहे.

युरोपातल्या देशांनी १९९७ साली लिस्बन इथे एक करार केला. त्याचं सूत्र असं : दुसऱ्या देशाची पदवी नाकारायची असेल तर दोन्हींत मोठा, मूलभूत फरक आहे हे नाकारणाऱ्या संस्थेने दाखवून द्यावं. सिद्ध करण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर नाही. आपल्याकडे उलट रीत आहे. विद्यार्थ्यानेच दारोदार फिरून सिद्ध करायचं की मी लायक आहे. ही रीत आपल्याला ओळखीची वाटते, कारण हजारो वर्षं आपण तेच करत आलो आहोत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये परदेशी पदव्यांच्या मान्यतेचे नवे नियम केले आहेत. त्यांची अंमलबजावणी कोणत्या गृहीतकावर होते, यावर आपल्या संघटनांनी डोळा ठेवला पाहिजे.

नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीची वाट उघडली आहे. अमेरिकेच्या सोळा वर्षांशी जुळते म्हणून तिचं कौतुक होतं. पण चौथ्या वर्षाची फी, खोलीभाडं, मेस कोण भरणार? तीन वर्षांनी घरची गरज म्हणून बाहेर पडणारा मुलगा कोणत्या समाजाचा असेल? एकाच कॉलेजातून हाली आणि कलदार अशा दोन पदव्या बाहेर पडणार असतील, तर निजामाच्या हैदराबादेत आणि यात फरक काय?

मग करायचं काय?

मित्रांनो, पहिली गोष्ट मागणीची. चौथ्या वर्षाला पूर्ण शिष्यवृत्ती आणि वसतिगृह मिळालं पाहिजे. शिष्यवृत्तीवर सरकारने ज्या विद्यापीठात पाठवलं, त्याच विद्यापीठाची पदवी परत आल्यावर सरकारने पुन्हा तपासायची, हा विनोद बंद झाला पाहिजे. निवडीच्या वेळीच समकक्षतेचं पत्र हातात द्या.

दुसरी गोष्ट आपल्या तयारीची. परदेशी अर्ज करायचा असेल तर पहिल्या वर्षापासून प्रत्येक सत्राची गुणपत्रिका जपा. विद्यापीठाचा छापील अभ्यासक्रम ठेवा, तो बदलला की जुना मिळत नाही. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच असू द्या. जायच्या आधी तिकडच्या अभ्यासक्रमाचा कालावधी आणि इकडची मान्यता तपासा, एजंटच्या शब्दावर विसंबू नका.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. परदेशाची पदवी म्हणजे मोठा माणूस, हा न्यूनगंड सोडा. बाबासाहेबांनी जगातल्या दोन मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या आणल्या आणि त्यांच्या बळावर औरंगाबादच्या माळरानावर कॉलेज काढलं. बाहेरचं नाणं त्यांनी इथे वटवलं ते आपल्यासाठी. आपल्यातून जे जातील त्यांनी परत येऊन, किंवा तिथे राहूनही, परभणीच्या पुढच्या मुलाचा अर्ज वाचून दुरुस्त करावा, तिकडच्या विद्यापीठाला त्याच्याबद्दल शिफारसपत्र लिहावं. सेलिग्मनने एका अस्पृश्य विद्यार्थ्यासाठी ते केलं होतं. आपण एकमेकांसाठी ते करू शकत नसू, तर तराजू दुसऱ्याच्या हातात आहे अशी तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

जय भीम! जय संविधान!